प्रोसेसर मी निवडला नाही, दादाच्या कॅमेऱ्यानं निवडला

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, लग्नाचं शूटिंग करतो आणि कटिंगचं, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचं, काम माझ्याकडे येतं, नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर. बाकी वेळात पत्रिका, बॅनर, फोटोशॉपची कामं, आणि रविवारी भाचा आला की व्हॅलोरंट नाहीतर जीटीए ५ असले गेम. एवढाच माझ्या पीसीचा संसार. त्यात एएमडीचा रायझन ५ ३४००जी प्रोसेसर (सीपीयू) होता, चार कोअरचा, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार गडी, सोबत १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि नंतर घेतलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड.

दादानं सोनीचा ए७ ४ घेतला आणि माझी वाट लागली. अंतरपाट धरलाय, भटजींचं सावधान चाललंय आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर नवरी अर्धा सेकंद हलते, मग थिजते, मग एकदम हार घातलेलीच दिसते. गंमत म्हणजे त्याच लग्नातला फोनवर काढलेला ४के व्हिडिओ लोण्यासारखा चालायचा. एवढा महागडा कॅमेरा अडतो आणि फोन पळतो म्हणजे काय, हे मला कितीतरी दिवस कळलंच नाही, मी आपला सरळ हिशोब लावला की चार कोअर आहेत, आठ करू, प्रश्न मिटला.

म्हणून एका शनिवारी डोंबिवलीहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोड. दुकानदार म्हणाला तुमचा बी४५० मदरबोर्ड आहे ना, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि रायझन ७ ५७००एक्स टाका, ८ कोअर १६ थ्रेड (एकाच वेळी १६ कामं), बोर्ड तोच रॅम तीच. सल्ला तसा वाईट नव्हता, ज्याला ब्लेंडर सॉफ्टवेअरमधलं थ्रीडी काम सीपीयूवर रेंडर करायचंय त्यानं डोळे मिटून घ्यावा (फक्त एवढं लक्षात ठेवा की ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार). मी पैसे काढणारच होतो, पण म्हटलं एक दिवस थांबू.

तो एक दिवस कामी आला. घरी येऊन टास्क मॅनेजर उघडून क्लिप चालवली. फोनची क्लिप लावली की ग्राफिक्सच्या खाली व्हिडिओ डीकोडचा (दाबलेली फाइल उलगडून चित्र करण्याचा) आलेख वर जायचा आणि सीपीयू निवांत. कॅमेऱ्याची लावली की व्हिडिओ डीकोड शून्य आणि सीपीयू १०० टक्के. तिथे ट्यूब पेटली. दोन्ही फाइली एच.२६५च आहेत (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत), पण फोनची ४:२:० आहे (रंगाची माहिती किती ठेवली त्याचा आकडा) आणि दादाच्या कॅमेऱ्याची १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती दुप्पट. जीटीएक्स १६५० मधल्या डीकोडरला ४:२:२ वाचताच येत नाही, रायझनमधल्या ग्राफिक्सलाही नाही, मग सगळी हमाली सीपीयूच्या डोक्यावर. आणि एच.२६५ची हमाली साधी नसते, प्रत्येक फ्रेम पूर्ण नसतेच, किराणावाल्याच्या वहीत कसं 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं असतं तसं आहे ते, एक ओळ वाचायची तर वरची चार पानं उलटा. कटिंग करताना आपण सारखं मागेपुढे करतो, म्हणजे दर वेळी पानं उलटा.

इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते आणि ११व्या जनरेशनपासूनचे डेस्कटॉप प्रोसेसर हे एच.२६५ ४:२:२ हार्डवेअरमध्येच उघडतात. बस्स, माझा प्रश्न कोअरचा नव्हताच. आय५ १४५०० घेतला. ६ मोठे कोअर, ८ छोटे, २० थ्रेड, आणि यूएचडी ७७० ग्राफिक्स, ज्यात व्हिडिओची दोन इंजिनं आहेत, आय५ १२४०० किंवा १३४०० मधल्या यूएचडी ७३० मध्ये एकच असतं. बोर्ड डीडीआर४वाला बी७६० बघून घेतला म्हणजे जुनी रॅम तशीच चालली. आणि मॉडेलच्या शेवटी एफ असेल तर घेऊ नका हो, एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, पैसे थोडे वाचतात आणि ज्यासाठी इंटेल घेतला तेच जातं.

बसवल्यावर पहिल्या दिवशी काहीच फरक नाही! घाम फुटला. मग कळलं की कार्ड लावलेलं असलं की बोर्ड आतलं ग्राफिक्स झोपवतो, बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. केलं, ड्रायव्हर टाकला, आणि नवरीनं एकदाचा न अडखळता हार घातला.

गेमचं म्हणाल तर हलक्या गेमिंगसाठी प्रोसेसरवर डोकं फोडू नये असं माझं मत झालंय. भाचा ७८००एक्स३डी ७८००एक्स३डी करत होता, ९६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) मामा वगैरे, प्रोसेसर भारीच आहे तो, पण आपला मॉनिटर ७५ हर्ट्झचा, कार्ड १६५०, मग ती कॅश काय लोणच्याला लावायची? कार्ड घ्यायचंच नसेल तर मात्र रायझन ५ ८६००जी किंवा ८ कोअरचा ८७००जी बघावा, आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट, जीटीए ५ आरामात चालतात. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या लावा, १६ची एक लावण्यापेक्षा ८-८च्या दोन, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एका पट्टीवर रॅमचा वेग निम्मा होतो. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

माझा निर्णय सगळ्यांसाठी बरोबर आहे असं अजिबात नाही. १४५०० चं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) संपलेलं आहे, २०२४ च्या कोअर अल्ट्रापासून इंटेलनं सॉकेट बदललं, त्यामुळे या बोर्डावर पुढची जनरेशन बसणार नाही. शून्यातून सुरुवात करणारा आणि नुसतं इलस्ट्रेशन, फोटोचं काम करणारा असेल तर मी त्याला एएमडीच्या एएम५ सॉकेटवरचा रायझन ५ ७६०० किंवा रायझन ७ ७७०० घे म्हणेन, फोटोशॉपला कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग लागतो. आणि आरटीएक्स ५० सीरिजचं कार्ड घेणार असाल तर ते स्वतःच ४:२:२ उघडतं, मग प्रोसेसर कुठलाही चालेल. प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, करूनही काम होतंच, मी वर्षभर तेच केलं, पण तीन दिवसांच्या लग्नाच्या प्रॉक्सी बनवण्यात रात्र जाते आणि हार्डडिस्क भरते ती वेगळीच.

एक खर्च धरला नव्हता. प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा असला तरी जोर लावल्यावर १५४ वॅटपर्यंत जातो, आणि मे महिन्यात डोंबिवलीत प्रोसेसरच्या डब्यात आलेला पंखा असा ओरडायला लागला की आई आतून विचारते, मिक्सर चालू ठेवलास का रे. मग वेगळा टॉवर कूलर घेतला.

परवा दादाचा फोन, म्हणे कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएसच्या (आताचं एच.२६५) ऐवजी एक्सएव्हीसी एस लावू का, कोणीतरी सांगितलं एडिटिंगला हलकं पडतं. ते एच.२६४, आणि एच.२६४ मधलं ४:२:२ माझ्या १४५०० चं क्विक सिंक उघडत नाही. म्हटलं दादा, हात जोडतो, त्या मेनूला आता हात लावू नकोस.