खिडकीकडचा पडदा

गणपतीला आठच दिवस उरले होते. सन २०२४, ऑगस्टची अखेर. या दिवसांत मालवणच्या आमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. मंडळांच्या पावत्या, आरत्यांच्या पुस्तिका, बंद पडलेले प्रिंटर. त्यात गुरुजींचा फोन आला, "बाय, पडदो परत मोठो झालो. शेरा दिसत नाय."

‘शेरा’ म्हणजे काय ते मला लगेच कळलं. आचऱ्याच्या पुढे समुद्राला लागून असलेल्या एका गावातल्या वाचनालयाची दाखल नोंदवही गुरुजी कॉम्प्युटरवर चढवत होते. दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, वर्गांक आणि शेवटी शेरा. पुस्तक फाटलं, हरवलं, कुणी भेट दिलं, ते सगळं त्या शेवटच्या रकान्यात. गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. रोज सकाळी विनामोबदला वाचनालय उघडतात. त्यांनी फोन केला म्हणजे आधी दहा वेळा स्वतः प्रयत्न करून झालेले असतात.

ही मशीन मीच मे महिन्यात लावली होती. मुंबईच्या एका चाकरमान्याने आपल्या ऑफिसातून निघालेली तीन जुनी मशीन गावाला दिली होती. पेंटियम ड्युअल-कोअर प्रोसेसर, दोन जीबी रॅम, एकशे साठ जीबीची हार्ड डिस्क, वीस इंची पडदे. आत विंडोज ७ होतं, आणि त्याचा आधार कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवलेला. नवं विंडोज घातलं असतं तर दोन जीबीत मशीन नुसतं धापा टाकत बसलं असतं. मी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली घातली, वर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप. सुरू झाल्यावर नुसतं बसलेलं मशीन साडेतीनशे एमबीच्या आसपास खायचं. बाकीची रॅम ब्राउझरला आणि तक्त्याला मोकळी. वर झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅम भरत आली की बराच वेळ न लागलेली माहिती रॅममध्येच दाबून ठेवली जाते, हार्ड डिस्कची खरखर टळते.

पण मशीन हलकं करणं हा कामाचा सोपा भाग. गुरुजींच्या हाताला ते बसवायला मला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस मला अजून आवडतात. डबल-क्लिक त्यांना जमायचं नाही. बोट थरथरतं, दुसरी टिचकी उशिरा पडते आणि चिन्ह जागचं सरकतं. फाईल मॅनेजरमध्ये एका टिचकीने उघडण्याची सोय असते, ती लावली. माऊसचा बाण दुप्पट मोठा केला. खालची पट्टी जाड केली. डेस्कटॉपवर तीनच चिन्हं ठेवली: नोंदवही, पत्रं आणि इंटरनेट. डेस्कटॉपवरच्या चौकटी सांभाळणाऱ्या ओपनबॉक्सच्या फाईलमध्ये नोंदवहीसाठी एक कळ बांधून दिली. एफ ९ दाबलं की तक्ता समोर.

टायपिंगला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीची कळांची मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिक्षकाला ही मांडणी पटली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे कसे काढायचे. हा प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेला नव्हता. शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की नुक्तावाला ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि मग ‘य’. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ‘आचऱ्याचे’ हा शब्द बिनचूक काढून दाखवला.

तर हा पडदा. एसटीने पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाऊस थांबलेला, पण समुद्रावरून वारा आत घुसत होता. गुरुजींचं मशीन खिडकीखाली; बाकीची दोन आतल्या भिंतीला. पडद्यावर अक्षरं रुंद आणि धूसर झालेली, गोल चिन्हं आडवी पसरलेली. तक्त्याचे शेवटचे दोन रकाने उजवीकडे गडप. सेटिंगमध्ये पाहिलं: १०२४ बाय ७६८. हा पडदा १६०० बाय ९०० चा. यादीत १६०० चा पर्यायच नव्हता.

मी ताबडतोब निष्कर्षावर गेले. अद्यतनांची नोंद उघडली. १४ ऑगस्टला नवं कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसलेलं. म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला, दुसरं काय? जुन्या इंटेल चिपसेटच्या बाबतीत असं होतं, मी पाहिलेलं आहे. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुनं कर्नेल निवडून ते सुरू केलं. तेच. तिथे मी थांबायला हवं होतं. जुन्या कर्नेलवरही तेच दिसत असेल तर नव्या कर्नेलवर आळ कसा घ्यायचा? पण मनात एक आरोपी पक्का झाला होता, म्हणून मी म्हटलं, त्याच दिवशी दुसरं काहीतरी पॅकेजही बदललं असेल.

मग नेहमीची युक्ती. पडद्यावर हव्या त्या मापाचं चित्र कोणत्या वेगाने पाठवायचं, त्याची वेळापत्रकं काढून देणारी एक आज्ञा असते, तिने १६०० बाय ९०० साठी ११८.२५ मेगाहर्ट्झचा आकडा आणि पुढची रांग दिली. ती पडद्याचं माप बदलणाऱ्या ‘एक्सरँडर’ला भरवली, नवं माप तयार केलं, पडद्याला लावलं. क्षणभर काळोख, आणि मग सगळं लखलखीत. तक्ता कडेपासून कडेपर्यंत. त्याच ओळी मी एलएक्सडीईच्या ऑटोस्टार्टमध्ये, म्हणजे लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या यादीत, घातल्या, मशीन पुन्हा चालू केलं. लॉगिनचा पडदा अजून जाडाच होता, पण आत शिरल्यावर ठीक. मी म्हटलं, चालेल. गुरुजी खुर्चीत बसले, शेरा दिसला म्हणून त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आणि मी बॅग आवरायला घेतली. तासाभराचं काम, पुढची एसटी मिळाली असती.

तेवढ्यात लाईट गेली.

वाचनालयाच्या इन्व्हर्टरवर दोन दिवे चालतात, मशीन नाही. गुरुजींनी शेजारच्या घरातून चहा मागवला आणि मग टेबलाच्या खणातून एक शंभरपानी वही काढली. "सगळा लिवन ठेवलंय. तुका उपयोग होयत तर बघ."

त्या वहीत त्यांनी मशीनची रोजनिशी ठेवली होती. पेन्सिलने, शाळेतल्या हजेरीसारखी. कधी चालू केलं, किती पुस्तकं चढवली, काय अडलं. मी ऑगस्टची पानं उलटली. ९ ऑगस्ट: ‘पडदा मोठा झाला. शेरा दिसत नाही.’ मी ती तारीख पुन्हा वाचली. कर्नेल १४ तारखेला बसलं होतं. बिघाड त्याच्या पाच दिवस आधीचा. आणि पुढे १९ ऑगस्ट, नारळीपौर्णिमा: ‘आज पडदा सरळ. २२ पुस्तके.’ वीस तारखेला पुन्हा मोठा.

सॉफ्टवेअर असं सणावाराला एक दिवस बरं होऊन पुन्हा आजारी पडत नाही. मी गुरुजींना विचारलं, नारळीपौर्णिमेला इथे काय केलंत? ते आठवत राहिले. सकाळी वाचनालय झाडलं, म्हणाले. टेबल पुढे ओढलं होतं, मागचं जळमट काढायला. संध्याकाळी पुन्हा भिंतीला लावलं.

टेबल ओढलं, म्हणजे केबल हलली.

मला त्या क्षणी माझाच राग आला. एका तासात मी लॉग वाचले, कर्नेल बदललं, वेळापत्रकं मोजली, आणि जी वस्तू हातभर अंतरावर लोंबत होती तिला हात लावला नव्हता. मी मशीनच्या मागे गेले, स्क्रू सोडवून पडद्याची व्हीजीए केबल दोन्ही बाजूंनी काढली आणि मोबाइलच्या उजेडात धरली.

या जोडाला पंधरा पिना, पाच-पाचच्या तीन रांगा. आयबीएमने १९८७ साली आणलेला, अजून या जुन्या पडद्यांवर टिकून आहे. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग आपापल्या पिनेवरून जातात, आडवा आणि उभा ताल आणखी दोन पिनांवरून. पण पडदा स्वतः कोण आहे, कोणत्या मापाचा आहे, हे तो वेगळ्याच दोन पिनांवरून सांगतो: बारावी आणि पंधरावी. एकीवरून माहिती, दुसरीवरून तिचा ताल. पडद्याच्या आत १२८ बाइटचा एक छोटा दाखला साठवलेला असतो, त्याला इडीआयडी म्हणतात. मशीन सुरू होताना तो वाचतं आणि त्यावरून माप ठरवतं. दाखला मिळाला नाही, तर कर्नेल धोका पत्करत नाही. बहुतेक पडद्यांना झेपेल असं १०२४ बाय ७६८ देऊन मोकळं होतं. चित्र येत राहतं, कारण रंगांच्या पिना ठीक असतात. म्हणून केबलवर संशय जात नाही.

सगळ्यात खालच्या रांगेतली दुसरी पिन म्हणजे बारावी. तिच्या बुडाशी हिरवं पुट होतं, आणि पंधरावीवर त्याहून जाड. (मधल्या रांगेत एक पिन मुळातच नव्हती. अनेक केबलींत नववी पिन ठेवतच नाहीत. ती तुटली समजून घाबरू नये.) मी केबल गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जवळ धरून पाहिलं.

"बाय, ह्या कळाकला गो."

कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हा शब्द मी लहानपणापासून ऐकते. पिनेलाही तो चपखल बसतो, कारण आत पितळच असतं, वर सोन्याचा नुसता मुलामा. मुलामा झिजला, की खारं दमट वारं आपलं काम करतं. जून ते ऑगस्ट तीन महिने खिडकी उघडी, आणि मशीनची पाठ नेमकी खिडकीकडे. गुरुजींनी विचारलं, सोलां लावया काय? देवघरातल्या समया ते आमसुलांनीच घासतात. मी नाही म्हटलं. आंबटपणा फटीत राहिला तर पुढच्या महिन्यात दुप्पट कळकेल. माझ्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल होतं आणि मऊ ब्रश. पुट निघेपर्यंत बराच वेळ घासलं, पडद्याकडचा जोडही पुसून घेतला.

लाईट यायला अडीच वाजले. काम झालं म्हणण्याआधी मला खात्री हवी होती. जुनीच, घासलेली केबल लावून मशीन सुरू केलं आणि आधी ऑटोस्टार्टमधल्या माझ्या ओळी टेक्स्ट कन्सोलवरून, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरून, पुसल्या. त्या राहिल्या असत्या तर केबल सुधारली की नाही हे कळलंच नसतं, आणि उद्या एखादा रंग गेला असता तेव्हा पुन्हा मी कर्नेलच तपासत बसले असते. मग मशीन पुन्हा चालू केलं. लॉगिनचा पडदाच स्वच्छ उमटला. पडद्याचा दाखला जिथे ठेवलेला असतो ती फाईल पाहिली: पूर्ण १२८ बाइट. केबल जराशी वाकवली, पुन्हा पाहिली. शून्य. सरळ केली, १२८. आता शंका उरली नाही. ती केबल बॅगेत टाकली आणि दुकानातून आणलेली दुसरी लावली.

टेबल हलवण्यावर मात्र आमचं एकमत होईना. मी म्हटलं, मशीन आतल्या भिंतीला न्या. गुरुजी म्हणाले, आत मला दिसत नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय, आणि जीर्ण पुस्तकांची मुखपृष्ठं दिव्याच्या उजेडात वाचता येत नाहीत. त्यांचं म्हणणं खरं होतं. खिडकी त्यांच्यासाठी होती, मशीनसाठी नव्हे. शेवटी टेबल चतकोर वळवलं: उजेड गुरुजींच्या डाव्या खांद्यावरून येईल आणि मशीनची पाठ भिंतीकडे राहील असं. संध्याकाळी मागून जुनी चादर टाकायची, पण मशीन बंद केल्यावरच. चालू असताना झाकलं तर आतला पंखा गुदमरतो. ही अट मी त्यांच्याच वहीत लिहिली, आणि त्यांनी तिच्याखाली तारीख घातली.

मग ते टायपिंगला बसले. अडकून पडलेल्या पुस्तकांचा गठ्ठा उजव्या हाताला, एक एक उघडून. एफ ९. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘पृष्ठ ४१ ते ४४ गहाळ’, आणि पुढच्या ओळीवर गेले.

माझी एसटी पाचला होती. मी आतल्या भिंतीकडच्या दुसऱ्या मशीनच्या मागे गेले. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पडदा उत्तम चालू होता. बंद करून केबल काढली, उजेडात धरली. पंधराव्या पिनेच्या बुडाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. मी ब्रश बाहेर काढला.