पन्हळ आणि पडवी: छपराचे साहित्य ठरवताना

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील आमच्या गावच्या घराचे छप्पर गेल्या उन्हाळ्यात दुरुस्त करून घेतले. घर काटकोनात आहे. मूळचा सोपा आणि माजघर एका अंगाला, तर वडिलांनी नंतर बांधलेल्या दोन खोल्या त्याला आडव्या जोडलेल्या. दोन्हींवर मंगलोरी कौले आहेत. दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आतल्या कोपऱ्यात जिथे मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ आहे, आणि त्या पन्हळीच्या तोंडाखाली जेमतेम उताराची पडवी. काम काढल्यावर जो तो एकच विचारत होता, कौले ठेवणार की सगळीकडे पत्रा घालणार? मीही दोन महिने याच प्रश्नात घालवले. प्रत्यक्षात मोठी पाखी कधी गळलीच नव्हती. वानरांनी फोडलेली पाच-पंचवीस कौले दरवर्षी शाकारताना बदलली की ती पुन्हा ठणठणीत होत. गळत होती ती पन्हळ आणि पडवी, आणि त्या दोन्हींचा विचार आम्ही नेहमी सर्वांत शेवटी करत आलो होतो.

आमचे सुतारकाका पाहायला आले तेव्हा त्यांनी वर नजर टाकून एवढेच म्हटले, ‘आधी पन्हळ उघडा, कौलांचं नंतर बघू.’ काठाची कौले उतरवून त्यांनी जुना जस्ती पत्रा काढला आणि अंगणात उन्हाकडे धरला, तेव्हा त्यात सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची एक सरळ रांग चमकली. ती रांग पत्र्याच्या मध्यावर, जिथून पाणी वाहते तिथे नव्हती. कापलेली कौले बसवताना गवंड्याने खाली सिमेंटचा माल भरला होता, त्याच्या कडेने ती गेली होती. ओला सिमेंटचा माल अल्कधर्मी असतो आणि जस्ताचा थर खातो. पुढे दर पावसाळ्यात तोच माल ओल धरून ठेवतो, त्यामुळे पत्रा तिथेच आधी गंजतो. खालच्या वाशात काकांनी पेचकस टेकवला, तर तो दोन बोटे सहज आत गेला. ठिबक मात्र माजघराच्या मधोमध, पन्हळीपासून सात-आठ फुटांवर होती, कारण पाणी वाशाच्या पोटाला धरून तिथवर येत असे आणि आम्ही वर्षानुवर्षे त्या ठिबकीच्या वरची कौले बदलत होतो.

पन्हळीवर एवढा भार का येतो, हे मला कागदावर मांडल्यावर नीट समजले. आमच्या कौलांचा उतार दर २ फुटांना १ फूट, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंशांचा आहे. पन्हळ मात्र दोन पाख्यांच्या मधून तिरकी जाते, त्यामुळे तेवढीच उंची उतरण्यासाठी तिला जवळजवळ दीडपट आडवे अंतर लागते आणि तिचा स्वतःचा उतार साडेएकोणीस अंशांवर येतो. थोडक्यात, छपरातले सर्वाधिक पाणी जिथे जमते तिथेच उतार सर्वांत कमी पडतो. आमच्या पन्हळीत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे १२१ चौरस फुटांचे पाणी येते. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने सर कोसळली, तर ते मिनिटाला जवळपास १९ लिटर होते, म्हणजे दर मिनिटाला एक मोठी बादली. जवळच्याच महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा आमच्या भागात हा हिशेब कोणी अतिशयोक्तीचा म्हणू नये.

पन्हळीसाठी चार धातूंचा विचार केला. जस्ती पत्रा सहज मिळतो, पण आमचा अनुभव तसा होता, आणि बाजारात मिळणाऱ्या पत्र्यावरचा जस्ताचा थर किती आहे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त आणि २७५ ग्रॅम जस्त यांत आयुष्याचा फार मोठा फरक पडतो, म्हणून जाडीबरोबर हा आकडाही आवर्जून विचारावा. अॅल्युमिनिअम गंजत नाही, पण सिमेंटच्या मालाशी त्याचेही पटत नाही, शिवाय उष्णतेने ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तांबे उत्तम टिकते. मात्र त्यावरून उतरलेले पाणी खालच्या जस्ताचा किंवा अॅल्युमिनिअम-जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर पडले, तर तो पत्रा लवकर खराब होतो, आणि आमच्या पन्हळीखाली तर पडवीच आहे. शेवटी ३०४ प्रतीचे ०.८ मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टील घेतले. साडेसोळा फूट लांब आणि दोन फूट रुंद पन्हळीला ते जवळजवळ २० किलो लागले. संपूर्ण छपराच्या खर्चात एवढे वजन काही फार नाही, आणि याच जागी केलेली काटकसर मला आता मुळीच पटत नाही.

पत्रा वाकवून घेताना मधोमध एक इंच उंचीची उभी घडी ठेवली, म्हणजे एका पाख्यावरून जोरात आलेले पाणी समोरच्या कौलांखाली चढत नाही. दोन्ही काठ उलटे दुमडले. पन्हळीच्या मध्यापासून सहा इंचांच्या आत एकही खिळा मारू दिला नाही. काठाच्या दुमडीत अडकणाऱ्या पट्ट्यांनी पत्रा धरला आहे, त्यामुळे तो उन्हात मोकळेपणाने लांबू शकतो. खाली सलग फळी आणि तिच्यावर डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी चादर आहे. सिमेंटचा माल कुठेही नाही. कौलांमधली मोकळी वाट वरच्यापेक्षा खाली रुंद ठेवली, कारण आमच्या दारातल्या जांभळाची पाने नेमकी तिथे तुंबतात.

पडवीचा प्रश्न वेगळा होता. नऊ फुटांत नऊच इंच उतार, म्हणजे दर १२ फुटांना १ फूट. दाराची चौकट आड येत असल्याने तो वाढवता येत नव्हता. एवढ्या उताराला कौले चालत नाहीत. सिमेंटच्या नालीदार पत्र्याला साधारण १८ अंश लागतात, आणि डांबरी शिंगल्सनाही (कौलांसारख्या एकावर एक लावायच्या पातळ चकत्या) किमान दर ६ फुटांना १ फूट उतार हवा. स्लॅब टाकावा तर जुन्या दगडमातीच्या भिंतींवर ते ओझे घालायची माझी तयारी नव्हती. (याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे मातीची सपाट माळवदे पिढ्यान् पिढ्या टिकली. आमच्याकडे ते एका पावसाळ्यात वाहून जाईल.) शेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा जागेवर एकमेकींत दुमडून बसवायचा स्टँडिंग सीम पत्रा सर्वांत योग्य ठरला असता, पण एका पडवीसाठी यंत्र घेऊन यायला कोणी तयार होईना.

म्हणून अॅल्युमिनिअम-जस्ताच्या थराचा, उंच घडीचा रंगीत पत्रा घेतला. आधीच्या कारागिराने पाच-पाच फुटांचे दोन तुकडे सहा इंचांच्या जोडाने बसवले होते, आणि पश्चिमेकडून येणारी झड त्या जोडात पाणी वर ढकलत असे. या वेळी वरपासून खालपर्यंत सलग दहा फुटी पत्रा घालून आडवा जोडच ठेवला नाही. उभ्या जोडांत ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी घातली आणि बसवण्याची सुरुवात पूर्वेकडून केली, म्हणजे वरच्या पत्र्याची कड झडीच्या तोंडावर येत नाही. स्क्रू घडीच्या माथ्यावर आहेत, ईपीडीएम या रबराच्या वॉशरसह. पत्र्याचे वरचे टोक उभे वळवले असून त्यावर भिंतीत खाच घेऊन सहा इंचांची झाकपट्टी बसवली आहे.

पन्हळीचे पाणी पडवीवर एकाच ठिकाणी पडू नये म्हणून तिच्या तोंडाशी छोटी पेटी बसवून ११० मिलिमीटरच्या पाइपने ते थेट अंगणातल्या गटारात सोडले आहे. पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री मी बॅटरी घेऊन माजघरात वाशांखाली उभा होतो. जुन्या डागाला हात लावून पाहिला, तो कोरडा होता. पेटीवरची जाळी मात्र पानांनी भरली होती आणि ती सकाळी शिडी लावून साफ करावी लागली. आता ती दर पंधरा दिवसांनी काढतो.