पाऊण लिटरची बाटली

रोज सकाळी जाग आली की मी आधी ह्यांच्या डाव्या मनगटावर तळवा ठेवते. तिथे कातडीखाली बारीक घरघर लागते, मांजर कुशीत घेतलं की तिच्या अंगात लागते तशी. त्याला फिस्टुला म्हणतात. ऑपरेशन करून शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेली असतात आणि डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. घरघर लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. थांबली तर तडक दवाखाना गाठायचा, हे तिथल्या सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. हाताला घरघर लागली की मी "प्रभू, तुझे उपकार" म्हणते आणि चुलीकडे वळते. माझी सकाळची पहिली प्रार्थना एवढीच.

आम्ही नगरचे. कागदोपत्री अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं. हे एमआयडीसीत लेथवर होते, मी बालवाडीच्या वर्गाला शिकवते. 2021 च्या फेब्रुवारीत ह्यांच्या पायांवर सूज यायला लागली. दिवसभर उभ्याचं काम, सूज येणारच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग जेवण जाईना, सकाळी उठलं की उलट्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनीन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 11.4. धडधाकट माणसाचं ते एकच्या आसपास असतं. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी कधीपासून आहे?" आम्हाला सांगताच येईना. 43 वर्षांच्या माणसाचं बीपी आम्ही कधी मोजलंच नव्हतं. वाढलेल्या रक्तदाबाने दोन्ही किडन्या आतल्या आत निकामी केल्या होत्या आणि इतक्या वर्षांत दुखलं मात्र काहीच नव्हतं.

त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून मी देवाशी भांडले. रविवारची उपासना आम्ही चुकवली नाही, मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा तो दशमांश चुकवला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही, मग आमच्याच घरी का? आता आठवलं की कळतं, त्या भांडणात एक हिशेब होता. मी एवढं दिलं, आता तू एवढं दे. तो हिशेब मनातून पुसला जायला मला फार दिवस लागले.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरले. प्रत्येक वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत नाव बसल्यामुळे डायलिसिसचे पैसे पडत नाहीत. त्यावरची काही इंजेक्शनं, तपासण्या, जाणं-येणं हे मात्र आपलं आपल्याला. कंपनीने ह्यांना लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, पगार उतरला. दशमांशाचं पाकीट मी सात महिने पन्नास रुपये घालून दिलं आणि दर वेळी ते पेटीत टाकताना मान खाली घातली.

पण खरी परीक्षा पाण्याची. किडन्या पाणी बाहेर टाकेनात, म्हणून दिवसाला पाऊण लिटरच, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. मोठीने एका बाटलीवर मार्करने रेघा मारून दिल्या. सकाळी बाटली भरून ओट्यावर ठेवायची. ह्यांनी अर्धा कप चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. म्हणजे किती उरलं ते डोळ्यांना दिसतं. नगरचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. दुपारी तीनला बाटलीच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलेलं आणि हे बर्फाचा खडा जिभेवर धरून भिंतीकडे तोंड करून पडलेले. शहाळं बंद, केळं बंद, टोमॅटो बंद. भाजी चिरून, भिजवून, उकळून तिचं पाणी टाकून द्यायचं, म्हणजे अशा किडन्यांना न पेलणारं पोटॅशियम कमी होतं. ती चव गेलेली भाजी ताटात वाढताना माझाच घास अडायचा.

त्या पावसाळ्यात एक गृहस्थ घरी प्रार्थनेला आले. कुणीतरी ओळखीने आणलं होतं. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, "भाऊ, विश्वास आणि मशीन एका घरात नांदत नाहीत. मशीन सोडा, प्रभू नवी किडनी घालील." हे गप्प राहिले. मीही काही बोलले नाही, कारण मला ते खरं व्हायला हवं होतं. त्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो नाही. ती चूक माझीसुद्धा आहे. मी रिक्षा सांगितली नाही.

शुक्रवारनंतर सोमवार, हे अंतर एरवीच सगळ्यांत मोठं. शनिवार-रविवारचं पाणी अंगात साठलेलं असतं. मंगळवारी रात्री दोनला हे उठून बसले. आडवं होता येईना. बोलायला गेले तर एकेक शब्दाला दम. छातीत पाणी झालं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं, तातडीने मशीनला लावलं. पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "ताई, पुन्हा असं केलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. मला वाटलं, आता बोलणं खावं लागणार. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि हिज्कीया राजाची गोष्ट वाचली. राजा मरणाला टेकलेला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने 15 वर्षं वाढवून दिली. ही गोष्ट मी लहानपणापासून चर्चच्या शब्बाथ शाळेत ऐकलेली. पण पुढचं एक वाक्य कधी मनात शिरलंच नव्हतं. बरं करण्याचं वचन देऊन झाल्यावरही यशया संदेष्ट्याने राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. पाळकसाहेब म्हणाले, "देवाला लेपाची गरज होती का? पण लेप लावायला लावला. तुमचा लेप त्या खोलीत आहे, चार तासांचा." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "मंदिराच्या टोकावरून उडी मार, देव झेलेल, असं येशूला कोण म्हणालं होतं, ते आठवा. सैतानच ना?"

त्यानंतर आमच्या घरात एकही डायलिसिस चुकलेलं नाही. प्रभुभोजनाच्या रविवारची गोष्ट सांगते. चर्चमध्ये द्राक्षरसाचा तो इवलासा पेला पिऊन आम्ही घरी आलो आणि ह्यांनी ओट्यावरच्या बाटलीतलं दोन-तीन चमचे पाणी ओतून टाकलं. धाकटा बघत होता. म्हणाला, "पप्पा, ते पण मोजायचं?" हे म्हणाले, "मोजायचं. शरीर त्यानेच दिलंय ना." मी भाकरी थापत होते, माझे हात तिथेच थांबले.

पुढच्या वर्षी किडनी बदलण्याचा विषय निघाला. ह्यांचा रक्तगट बी, माझा ओ, म्हणजे गटाची अडचण नव्हती. सासूबाईंना मधुमेह, दिरांचं बीपी. राहिले मी. माझी आई ऐकूनच रडायला लागली. "दोन लेकरं आहेत. दोघांना काही झालं तर?" मला तेच भय होतं, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण चर्चच्या मंडळीत सगळे मला धीराची म्हणायला लागले होते.

शास्त्रातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागितली होती, तशी मी मागायला बसले. त्याने लोकर खळ्यात ठेवली होती, मी रोज पहाटे डोळे मिटून शास्त्र उघडायची. एक दिवस स्तोत्रातलं धीराचं वचन आलं, दुसऱ्या दिवशी वंशावळ, तिसऱ्या दिवशी विलापगीत. असे चाळीस दिवस काढले. आकाशातून आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही. शेवटी एका दुपारी गहू निवडताना सासूबाईंना सांगितलं की देव मला काही बोलतच नाही. त्या फार शिकलेल्या नाहीत, चौथीपर्यंतच गेल्या, पण शास्त्र त्यांना तोंडपाठ. सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं की. लोकर त्याने नंतर मागितली, भ्याला म्हणून. तुला काय करायचं ते ठाऊक नाही का?"

मला ठाऊक होतं. मी भीतीवर उत्तर मागत होते आणि त्याला निर्णयासाठीची खूण म्हणत होते. भीती काही गेली नाही. भीतीसकट मी डॉक्टरांना हो म्हटलं, आणि त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी झोप लागली.

तपासण्या पुण्याला. नगरहून दौंडमार्गे रेल्वेने गेलं की वाटेत केडगाव लागतं. नगरचं केडगाव वेगळं, हे पंडिता रमाबाईंचं. माझी पणजी दुष्काळातली पोर, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, एवढंच घरात सांगतात. तिचं गाव कोणतं, आईबाप कोण, ते तिलाही आठवत नव्हतं. ते स्टेशन आलं की मी खिडकीतून बघते.

दोन महिने फेऱ्या चालल्या. दोघांचं रक्त एकमेकांना चालतं का ते बघणारा क्रॉसमॅच जुळला, 24 तासांची लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. मग साखरेची तपासणी. ग्लुकोजचं गोड पाणी पिऊन दोन तास बाकावर बसायचं. आकडा आला 212. पुन्हा केली, पुन्हा दोनशेच्या वर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "तुम्हाला मधुमेहाची सुरुवात आहे. तुमची किडनी आम्ही घेऊ शकत नाही. तुम्हालाच ती पुढे लागेल."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं बोललो नाही. मला रडू आलं नाही, रागच आला. नको म्हणत होते तेव्हा गप्प राहिलास, हो म्हटलं तर दार लावलंस? केडगाव आलं. रमाबाई आठवल्या. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा. आयुष्याच्या शेवटी 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली आणि नऊ महिन्यांत त्याही गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर त्या शेवटपर्यंत करत होत्या. आम्ही लहानपणी त्यांच्या चमत्कारांच्या गोष्टी ऐकल्या. त्यांना काय काय मिळालं नाही, त्याची यादी मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात केली. ती यादी घेऊनही ही बाई शेकडो पोरींना दोन वेळचं जेवू घालत राहिली, म्हणून माझी पणजी जगली आणि म्हणून मी त्या खिडकीत बसले होते.

मंडळीत पुष्कळांनी म्हटलं, बघा, देवाची योजना, त्यामुळे तुझी साखर वेळेवर कळली. कळली हे खरं, मी आता गोळ्या घेते, चालायला जाते. पण ते वाक्य मला घाईने म्हणवत नाही. पलंगावर झोपलेल्या माणसासमोर ते म्हणताना जीभ जड होते. अशा वेळी जे नुसते शेजारी येऊन बसले, त्यांचा मला जास्त आधार झाला.

अवयवांचं वाटप बघणाऱ्या पुण्याच्या झेडटीसीसीच्या प्रतीक्षा यादीत ह्यांचं नाव घातलं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी अवयव दिले तर त्या यादीप्रमाणे मिळतात. नाव घातल्यापासून माझी प्रार्थना अडकली. "लवकर किडनी मिळू दे" म्हणायचं म्हणजे नेमकं काय मागायचं? कुणाच्या तरी घरचा दिवा विझावा असं? मी पाळकसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मरण मागू नकोस, ते तुझ्या मागण्याने येत नाही. त्या घरासाठी आत्तापासून प्रार्थना कर." तेव्हापासून मी तशी करते.

गेल्या वर्षी एका गुरुवारी रात्री पावणेबाराला फोन आला. किडनी उपलब्ध आहे, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, उपाशी पोटी निघा. दिरांच्या गाडीतून निघालो. सुपा गेलं, शिरूर गेलं, कुणी बोलेना. पिशवीत दोन चादरी, फाइल आणि सवयीने उचललेली ती रेघांची बाटली. रांजणगावच्या दिव्यांपाशी हे हळूच म्हणाले, "त्यांच्या घरी आत्ता काय चाललं असेल गं?" आम्ही दोघांनी हात धरून त्या अनोळखी घरासाठी प्रार्थना केली. स्वतःसाठी काही मागायला शब्दच उरले नव्हते.

पहाटे साडेपाचला सांगितलं, पहिल्या पेशंटचं सगळं जुळलं, तुम्ही जाऊ शकता. कॉरिडॉरमध्ये एक बाई भिंतीला टेकून ओंजळीत तोंड लपवून बसल्या होत्या. त्या पहिल्या पेशंटच्या की दुसऱ्या कुणाच्या, मला कळलं नाही. हे त्यांच्यासमोर थांबले, हात जोडले आणि पुढे निघाले.

शुक्रवार उजाडला होता, म्हणून घरी न जाता थेट नगरच्या दवाखान्यात गेलो. सिस्टरांनी आमचे चेहरे बघून काही विचारलं नाही, वजन घेतलं, सुया टोचल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थनेची वही काढली. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं "ते घर" असं लिहिलं. खाली लिहिलं, "ज्यांना मिळाली ते."

दोन्ही ओळी अजून वहीत आहेत, रोज त्यांच्यावर बोट ठेवून प्रार्थना होते. आमचा नंबर अजून लागलेला नाही. आज रविवार, बाटलीत चार बोटं पाणी आहे आणि संध्याकाळचा चहा व्हायचाय. उद्या साडेसहाला रिक्षा सांगितली आहे.