देव्हाऱ्याची महिरप आणि ब्लेडची अदलाबदल

देव्हाऱ्याचं काम महिरपीपर्यंत आलंय. १८ मिमी मरीन प्लायचा खोका जुळवून झाला, पाठ बसली, आता दर्शनी बाजू. महिरप १२ मिमी सागाच्या फळीतून कापायची आहे, आतल्या कप्प्याला पांढरा सनमाइका लावायचा आहे आणि उंबरठ्यावर पितळेचा पातळ पत्रा. म्हणजे एकाच बैठकीत जिगसॉला (अरुंद ब्लेड वर-खाली करणारी हातातली विजेची करवत) सरळ काप, घट्ट वळण, सनमाइका आणि धातू अशी चारही कामं. त्यामुळे या वेळच्या नोंदीत सागापेक्षा ब्लेड बदलण्याबद्दलच जास्त आहे.

माझं ठाम मत असं की ब्लेड बदलायला त्रास होत असेल तर माणूस ते बदलतच नाही. सरळ कापाचं रुंद ब्लेड तसंच वळणावर रेटलं जातं, मग काप तिरका जातो, लाकूड करपतं. नाहीतर बदलताना घाई होते आणि प्लग बोर्डातच राहतो. ब्लेड झटपट बदलता आलं तर हे दोन्ही टळतं.

आता कोणतं ब्लेड कुठे. सरळ कापांना टी १०१ बी, कडा स्वच्छ येते. महिरपीच्या वळणांना टी ११९ बी ओ. हे अरुंद असल्यामुळे लहान त्रिज्येत फिरतं, पण १५ मिमीपेक्षा जाड लाकडात घालू नका, वाकतं. सनमाइकाला टी १०१ बी आर. जिगसॉचं नेहमीचं ब्लेड वर येताना कापतं, म्हणून चिपा वरच्या बाजूला उडतात. या ब्लेडचे दात उलटे असल्यामुळे वरची बाजू साफ राहते. मात्र ते मशीनला वर ढकलतं, तेव्हा बूड दाबून धरा आणि पेंड्युलम (ब्लेडला पुढे-मागे झुलवणारी सोय) शून्यावर ठेवा. पत्र्याला टी ११८ ए, वेग कमी, कापाच्या रेषेवर तेलाचा थेंब. ही नावं बॉश कंपनीची असली तरी पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला याच नंबराने मागितलं तर दुकानदार बरोबर काढून देतो. क्रमांकाच्या सुरुवातीचा टी म्हणजे टी-शँक, ब्लेडचं मशीनमध्ये बसणारं टी आकाराचं टोक. ब्लेड स्क्रूने आवळायच्या जुन्या मशीनला यू-शँक लागतं आणि एकाचं ब्लेड दुसऱ्यात बसत नाही, म्हणून दुकानात जाताना जुनं ब्लेड खिशात असू द्या.

जिगसॉचा जन्मच मुळी पातं बदलण्यातून झाला. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सोलोथर्नच्या सिंटिला कंपनीतले इंजिनिअर आल्बर्ट कॉफमन यांनी बायकोच्या शिलाई मशीनमध्ये सुईच्या जागी करवतीचं पातं लावलं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी कंपनीने असं मशीन बाजारात आणलं. मला ही हकीकत फार आवडते.

माझ्या मशीनला पुढे खटका आहे. बदलण्याचा क्रम आता हाताला बसलाय. आधी प्लग काढून तो टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी बाहेर. मग मशीनचं तोंड जमिनीकडे करून खटका ओढायचा. ब्लेड उडून बाहेर पडतं आणि कापून झाल्या झाल्या ते चांगलंच तापलेलं असतं, म्हणून खाली पत्र्याचा डबा ठेवतो आणि पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाही. नवं ब्लेड दात पुढे ठेवून आत सारायचं, खटका आपोआप मिटतो. मिटला म्हणजे बसलं असं मात्र धरायचं नाही. ब्लेडची पाठ मागच्या रोलरच्या खाचेत आली का ते बघायचं आणि ब्लेड दोन बोटांनी खाली ओढायचं. जरा जरी हललं तरी पुन्हा बसवायचं. सागाचा तेलकट भुसा खटक्यात साचला की नेमकी इथेच अडचण येते: ब्लेड अर्धवट पकडतं आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. जुन्या टूथब्रशने तोंड झाडून ठेवलं की खटका पूर्ण मिटतो.

प्लगबद्दल आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे लोडशेडिंग. बऱ्याच जिगसॉना चालू बटण अडकवून ठेवायचं लॉक असतं. काप चालू असताना वीज गेली, मशीन थांबलं, आणि ‘गेलीच आहे तर तेवढ्यात ब्लेड बदलू’ म्हणून हात घातला, तर लॉक तसंच असतं. वीज परत आली की मशीन थेट चालू होतं. असं आपोआप सुरू होऊ न देणारी सोय काही मशीनमध्येच असते. म्हणून वीज गेली की पहिल्यांदा लॉक सोडा, मग प्लग काढा आणि मगच ब्लेडला हात लावा.

स्क्रूवाल्या मशीनवर काम करणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती: अ‍ॅलन की मशीनच्या वायरला, अगदी प्लगजवळ बांधून टाका. प्लग बोर्डात असताना ती ब्लेडपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे बदलायचं तर प्लग काढावाच लागतो. जुन्या ड्रिलची चकची चावी अशीच वायरवर लटकलेली असायची.

पुढच्या टप्प्यात दारांच्या फळ्यांना सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची करवत) लागणार, त्याची तयारीही करून ठेवली. तिथे पाना लागतोच. ब्लेड पूर्ण थांबल्यावरच स्पिंडल लॉक (ब्लेडचा दांडा फिरू न देणारं बटण) दाबायचं. बोल्ट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दिशा तपासा. कापताना ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने बोल्ट सैल होतो, मग आटे उजवे असोत की डावे. दोन्ही फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या) फडक्याने पुसा, भुशाचा एक कण राहिला तरी ब्लेड डुगडुगतं. ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला हवेत. खालचं गार्ड हाताने उघडून सोडा, ते स्वतःहून झटकन मिटलं पाहिजे. ब्लेड काढल्यावर सिमेंटच्या फरशीवर आपटू नका, कार्बाइडचे दात टणक असतात पण ठिसूळही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चार इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापणारे आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. ११० मिमीचं ब्लेड २० मिमीच्या भोकामुळे त्यावर बसतं खरं, पण ते मशीन मिनिटाला बारा हजारांच्या वर फिरतं आणि त्याला आपोआप मिटणारं गार्ड नसतं. लाकडात ब्लेड अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं. शिवाय ब्लेडवर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ते ब्लेड त्यावर चढवूच नये. स्वस्तात होतंय म्हणून हा मार्ग कुणी धरू नका.

महिरपीचा डावा अर्धा कापून झालाय, रेषेच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून. उजव्या अर्ध्यासाठी नवं टी ११९ बी ओ लावणार, कारण आधीच्याची धार सागाने बोथट केली. दोन्ही अर्धे एकत्र चिकटवून घासले की कमान जुळेल. टोकाच्या घट्ट वळणावर आधी १० मिमीचं भोक पाडून ब्लेड फिरवायला जागा करायची की छोटे छोटे आडवे काप देत जायचं, यावर कुणी सागात काम केलं असेल तर जरूर सांगा.