पुढच्याची टाच

आषाढी वारीतला दिवे घाटाचा तो फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. ड्रोनने वरून टिपलेला: हिरवे डोंगर, वळणावळणाचा रस्ता आणि डांबर कुठेच नाही, नुसती माणसं. त्या माणसांत मी होतो. परत आल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न हाच, ‘घाटातून काय भारी दिसत असेल ना?’

मला दिसली ती एका अनोळखी आजोबांची डावी टाच. भेगा पडलेली, भेगांत काळी माती बसलेली, रबरी चपलेतून अर्धा इंच मागे आलेली. अख्खा घाट मी त्या टाचेवर चढलो.

वीस वर्षं सह्याद्रीत हिंडतोय. हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा, भर पावसातला रतनगड. त्यामुळे रोजचे वीस-तीस किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर, म्हणजे काय मोठंसं, असा माझा हिशोब होता. आत्याला तसं बोलूनही दाखवलं. आत्या लातूरकडची, वय अडुसष्ट, वारीचं हे बाविसावं वर्ष. ती म्हणाली, “ये की. बघू.” तिच्या या ‘बघू’चा अर्थ मला सासवडला कळला.

तिची दिंडी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथामागची. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा नंबर आणि जागा ठरलेली. भिशी भरायची, म्हणजे दोन वेळचं जेवण, पालात झोपायला जागा आणि ट्रकमध्ये पिशवी ठेवायची सोय. आपण चालायला लागलो की ट्रक पुढे जातो. आपण पोचेपर्यंत पालं ठोकून चुली पेटलेल्या असतात. पहाटे तीनला टँकरच्या नळाखाली अंघोळ. मग पताकावाले पुढे, त्यांच्यामागे टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. माझ्या हातात टाळ दिले आणि पाचव्या मिनिटाला काढूनही घेतले. ठेका चुकत होता.

ट्रेकला आपला दम आपण ओळखतो. चढावर हळू, सपाटीला झपाझप, वाटलं तिथे बसलो. दिंडीत पाय भजनाच्या ताब्यात असतात. चाल द्रुत झाली की पाय उचलायचे, आणि पुढे कुठेतरी काहीतरी अडलं की जागच्या जागी उभं राहायचं. का थांबलो, किती वेळ, कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. सांगतो, चालण्यापेक्षा हे उभं राहणं पायांना महाग पडतं. हडपसर येईतो माझ्या कमरेनं तक्रार सुरू केली होती. आणि पुण्याहून सासवड हा वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात बहुतेक वर्षी नेमकी एकादशी. म्हणजे तीस किलोमीटरच्या वर चाल, मध्ये घाट, आणि पोटात साबुदाणा, केळी, राजगिऱ्याचे लाडू.

वडकीच्या विसाव्यानंतर घाट लागला. चढाला माउलींच्या रथाच्या बैलजोडीपुढे गावोगावच्या आणखी बैलजोड्या जोडतात; त्या आमच्या पुष्कळ पुढे होत्या, मला फक्त आरोळ्या ऐकू आल्या. खाली मस्तानी तलाव आहे हे मला पक्कं माहीत. इतिहासप्रेमी माणूस, राहवेना. मान वळवून कठड्यापलीकडे बघायला गेलो आणि पुढच्या आजोबांच्या पाठीवर आदळलो. त्यांनी मागे वळून मलाच हात जोडले, “माउली.” मी शरमलो. बाजूच्या रांगेतून आत्या ओरडली, “तिकडं काय बघायलास? पुढच्याच्या टाचेकडं बघ!”

बघितलं. टाच उचलली की आपण उचलायचं, टेकली की टेकायचं. दहा-पंधरा मिनिटांनी चढ आहे हेच डोक्यातून गेलं. घाटमाथा आला तो हवा लागल्यामुळे कळला.

सासवडला दोन मुक्काम. इथेच सोपानकाकांची समाधी, त्यांची पालखीही इथूनच निघते. समोर ढगांत पुरंदर. संभाजीराजे १६५७ साली त्या गडावर जन्मले, आठ वर्षांनी त्याच्याच नावाचा तह झाला. एरवी मधल्या मोकळ्या दिवशी मी गड गाठला असता. त्या दिवशी मला ट्रकच्या फाळक्यावर चढून पिशवी काढता येईना. खास वारीसाठी घेतलेले, ‘पाणी आत शिरणार नाही’ अशी हमी असलेले महागडे बूट. कंपनीचं नाव घेत नाही. पाणी आत शिरलं, आणि एकदा शिरल्यावर बाहेर मात्र पडलं नाही, एवढी हमी त्यांनी पाळली. दोन्ही चवड्यांवर रुपयाएवढे फोड.

आत्यानं पाय मांडीवर घेतला. मला कसंतरीच झालं. वडीलधाऱ्या बाईच्या मांडीवर पाय. ती म्हणाली, “गप बस.” सुईत पांढरा दोरा ओवला, सुई काडीच्या जाळावर धरली, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर ठेवून कापली. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू झिरपतं, वरची कातडी फाटत नाही. “सालटं काढलंस तर पंढरपूर संपलं,” एवढंच बोलली. बूट ट्रकमध्ये गेले. तीनशे रुपयांच्या रबरी चपला घेतल्या, आजोबांसारख्याच.

जेजुरीत शिरताना गावकरी भंडारा उधळतात. वरून पाऊस. अंगावरून पिवळे ओघळ वाहत होते, डोळ्यांत, तोंडात हळद. माझा तो सदरा चार धुण्यांनंतरही कॉलरपाशी पिवळा आहे.

वाल्ह्याचा टप्पा छोटा, बाराएक किलोमीटरचा, त्यामुळे समाजआरतीला दमलेला नव्हतो, नीट जागा होतो. मला विचाराल तर वारीत बघायचं असेल तर हे. सगळ्या दिंड्या तळावर पालखीभोवती उभ्या. हजारो टाळ एकदम वाजत असतात. शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. मग चोपदार चोप, म्हणजे हातातली काठी, उंच करतात, “होऽऽ” म्हणतात, आणि टाळ थांबतात. सगळे, एकदम. इतकं शांत होतं की ट्रकमधल्या भांड्यावर पडणारा पाऊस ऐकू येतो. कुण्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो. त्या दिवशी कुणी वाजवत राहिलं नाही. मग हरवलं-सापडलं: एक पितळी तांब्या, एक चष्मा, एक मोबाइल, टाळांतला एकच टाळ. आणि उद्या निघायची वेळ. लाखाच्या जमावाचा कारभार एका काठीवर चालतो. आमच्या ऑफिसात बारा जणांची मीटिंग वेळेवर सुरू होत नाही.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान. मी तिथवर पोचलोच नाही, गर्दीनं पुलाखालच्या चिखलात सोडलं. घोटाभर गार पाण्यात उभा राहिलो. दोऱ्याची टोकं पाण्यात तरंगत होती. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपला, सातारा लागला.

माझी रजा लोणंदपुढे संपत होती. शेवटच्या दिवशी तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, वारीतलं पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या, मधे बोळ. आधी स्वाराचा घोडा गेला, मागून माउलींचा, पाठीवर कुणीच नाही. मला दिसलं ते असं: डोक्यांवरून सरकलेली एक पताका, मग पांढरं काहीतरी, मग ओल्या मातीचा वास. तोवर आत्या वाकून टापेखालची माती कपाळाला लावत होती. उरलेली माझ्याही कपाळाला लावली. “पुढच्या वर्षी पुरी कर,” म्हणाली आणि रांगेत घुसली. पाठमोरी ओळखूच येईना. तशा नऊवारी पाठी शेकड्यानं होत्या.

लोकांच्या लोंढ्याविरुद्ध चालत लोणंद स्टेशन गाठलं. पुण्याकडची गाडी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. नीरा आलं, वाल्हे आलं, जेजुरी आली. दोन दिवसांची चाल तासाभरात उलटी. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, डोंगर धुतल्यासारखे हिरवेगार, बाजरीची कोवळी पात, जेजुरीचा गड लख्ख. हे सगळं मी आत्ता पहिल्यांदाच बघत होतो. समोरच्या बाकावरचे गृहस्थ पाय वर घेऊन झोपले होते. त्यांच्या टाचेकडे माझी नजर गेली. गुळगुळीत होती.