रविवार आला म्हणून कुत्र्याला आंघोळ नको

दर रविवारी कुत्र्याला नळाखाली उभं करत असाल तर ते आधी थांबवा. त्याच्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो. दर आठवड्याला शाम्पूने तो उतरवला की कातडी कोरडी पडते, कोंडा धरतो आणि कुत्रा खाजवत सुटतो. घरच्यांना वाटतं तो घाण झालाय, म्हणून पुन्हा आंघोळ.

गावठी, लॅब्राडोर अशा आखूड केसांच्या कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरे. शिह त्झूसारख्या लांब केसांच्याला साधारण तीन आठवड्यांनी, पण ब्रश रोज. मधल्या काळात चिखलाचे पाय फिरून आल्यावर नुसत्या पाण्याने धुवायचे. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा सकाळची वेळ टाळून भर दुपारी उरका. रंगपंचमीला रंग लागला तर तो चाटायच्या आत आधी कोरडाच झाडून काढा, मग धुवा.

आंघोळीआधी ब्रश हवाच, कारण गुंता भिजला की आणखी आवळतो. पाणी कोमट घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागता कामा नये. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. आपली कातडी आम्लधर्मी, त्याची त्या मानाने उदासीन, त्यामुळे आपला शाम्पू त्याला झोंबतो. डेटॉल तर नकोच. शाम्पू मगभर पाण्यात फेटून ओता, म्हणजे एका जागी घट्ट बसत नाही. डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू मात्र सहसा दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो. लगेच धुतला तर पैसे पाण्यात. कानात पाणी जाऊ देऊ नका.

फेस निघाला तरी काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांत शाम्पू उरतो. तिथे बोटं फिरवत आणखी दोन-तीन मग पाणी घाला.

खरा घोळ होतो वाळवताना, तोही पावसाळ्यात. पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या लांब केसांखाली दाट लव असते. वरून कुत्रा कोरडा दिसतो, आत ओल तशीच. कानामागचे आणि शेपटीच्या बुडाशी असलेले केस बोटांनी दुभंगून कातडीवर टिश्यू पेपर टेकवा. तो दमट झाला तर अजून पुसा, ड्रायर मंद आचेवर हलता ठेवून फिरवा. ओल राहिली की कुत्रा तिथेच चाटतो आणि एका रात्रीत लाल, चिकट चट्टा उठतो. त्याला फार दुखतं हो, हात लावू देत नाही.

मानेवर गोचिडाचं औषध टाकायचं असेल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. बरीचशी औषधं कातडीवरच्या त्या तेलातूनच अंगभर पसरतात.

आंघोळीनंतर दोनच दिवसांत आंबूस वास परत आला, तर पुन्हा शाम्पू लावू नका. कान आणि पंजे हुंगून बघा. वास तिथून येत असेल तर बहुधा बुरशी असते. कुत्र्याला डॉक्टरांकडे न्या.