आज्ज्याची थ्री सेव्हन्टी फाइव्ह

२०२० चा पावसाळा. लॉकडाऊन उठतोय न उठतोय तोवर आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, पोलीस ठाण्यातनं फोन आला. "परवान्यावर तीन हत्यारं दिसत्यात तुमच्या. एक कमी करायला लागंल." आण्णांनी फोन ठेवला, चहा संपवला आणि मला म्हणाले, "आता तूच ठरीव बाबा. तसंबी तुझ्याच नावावर करायच्या हाईत."

१९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पूर्वी एका परवान्यावर तीन बंदुका चालायच्या. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं त्या दोनवर आल्या. वारसानं आलेल्यांनाही सूट नाही. तिसरी १३ डिसेंबर २०२० पर्यंत ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करायची होती. म्हणजे हातात चारेक महिने होते, आणि वर कोरोना.

घरात होतं काय? एक बाराबोरची दुनळी. दुसरी ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ ची रायफल, आण्णांनी ऐन तरुणपणी घेतलेली. आणि तिसरी आज्ज्याची .३७५, इंग्लंडची. हे आकडे नळीच्या मापाचे, इंचात. तिला घरात कुणी रायफल म्हणत नाही, 'मोठी' म्हणतात. "मोठी पुसली का?" "मोठीला कपडा बदल." १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं, त्यानंतर बऱ्याच जहागीरदारांनी घरातल्या वस्तू काढल्या. त्यातच आज्ज्यानं ही घेतली, जुनीच. दोन म्हशी विकून, असं आजी सांगायची. आजी प्रत्येक खरेदीत दोन म्हशी विकायची, तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही बघा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बंदुकीचं नाव काढलं की लोक डोळा मारतात. ही शिकारीची गोष्ट नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडं शिकार संपली. गवा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. तो उसात उभा राहून सरी न् सरी तुडवत असला तरी बांधावरनं बॅटरी मारायची, फटाका लावायचा, आणि पंचनाम्याला वनखात्याला बोलवायचं. डुकराला मारायचं तरी आधी लेखी परवानगी लागते. आमची दुनळी गेल्या दहा वर्षांत एकदाही कुठल्या जनावरावर सुटलेली नाही.

तर निवड करायची होती, आणि सल्ले फुकट होते. मेव्हणा म्हणाला, मोठी ठेवा, परदेशी हत्यारांची आयात कधीच बंद झालीय, किंमत वाढतच जाणार. चुलते म्हणाले, दुनळी विका, ती काय कुणाकडंबी असती. शेजारच्या गल्लीतल्या एका मित्रानं तर ज्ञान दिलं की .३७५ एवढी भारी रायफल आहे की हत्तीला पण चालते. बरोबर आहे. पण हत्ती कुठाय?

दुनळीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. उसाच्या रानात, आजूबाजूला वस्त्या, रात्री कोण मोटर चालू करायला बाहेर पडलंय पत्ता नाही, अशा ठिकाणी छर्ऱ्याचं हत्यारच बरं. छर्ऱ्याचा जोर चाळीसेक यार्डांत उतरायला लागतो. रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरवरही माणूस मारू शकते. शिवाय बाराबोरची काडतुसं पुण्याच्या खडकीला बनतात, दुकानात मिळतात. म्हणजे एक जागा भरली. उरली एक जागा, आणि दावेदार दोन.

एका रविवारी दुपारी दोन्ही रायफली सोप्यात घोंगड्यावर मांडल्या. पहिलं काम नंबर वाचायचं, कारण अर्जात नंबर घालावा लागतो. .३१५ चा नंबर लख्ख. मोठीचा नंबर मात्र नळीच्या बुडाशी, झिजलेला. तिसरा आकडा तीन की आठ, काही केल्या कळेना. आण्णांनी चष्म्यावर चष्मा लावला. मी मोबाईलचा उजेड तिरका धरला. शेवटी रॉकेलचा बोळा फिरवून त्यावर खडूची भुकटी चोळली आणि बोटानं पुसली, तेव्हा खोबणीत पांढरं राहिलं आणि आठ दिसला. परवान्याच्या जुन्या वहीवरनं मी अर्जात तीन उतरवून घेतला होता. तो अर्ज तसाच गेला असता तर पुढं काय झालं असतं, याचा विचार नको.

मग खांद्याला लावून बघितल्या, रिकाम्या. आधी बोल्ट मागं ओढून कोठीत बोट घालून खात्री करायची. ही सवय आण्णांनी मला दहाव्या वर्षी लावली, तीही एक चापट देऊन. आज्जा सहा फुटी गडी. मोठीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, त्याच्या हाताच्या मापाचा. मी साडेपाच फूट. खांद्याला लावली की माझं बोट घोड्यापर्यंत ताणून पोचतं, आणि डोळा माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीच्या, रेषेत आणायला मान पुढं काढावी लागते, कुंपणावरनं डोकावणाऱ्या बकरीसारखी. असल्या दस्त्यानं त्या रायफलीचा धक्का खाल्ला की काय होतं ते आण्णांना माहीत होतं. त्यांनी ऐंशीच्या दशकात एकदाच ती उडवली होती. आठ दिवस डाव्या हातानं जेवत होते. .३१५ मात्र कुणीतरी मला मापून बनवल्यासारखी बसली. वजनाला हलकी, दिसायला साधी. लाकूड तर असं की फळकुटाची खुर्ची बरी.

पण बारीक बघायला लागलं की मोठीच्या प्रेमात पडायला होतं. हे काडतूस १९१२ चं, हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं काढलेलं. बुडाला पितळेचाच पट्टा. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅम, आणि नळीतनं निघते सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगानं. तिचं खरं कौतुक वेगळंच आहे. वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या घातल्या तरी शिकारीच्या अंतरावर त्या जवळजवळ एकाच जागी लागतात. म्हणून एकच रायफल सांबराला आणि गव्यालाही चालायची. नर गवा आठशे-हजार किलोचा, खांद्यावर मांसाचा डोंगर. त्याला आत खोल शिरणारी टणक गोळी लागते, शिकारी तिला सॉलिड म्हणत. बिबट्याला उलट मऊ टोकाची, आत गेल्यावर फुलणारी. गव्याला मऊ गोळी मारली तर ती वरच फुटायची आणि जखमी गवा फिरून अंगावर यायचा. राजेरजवाड्यांकडं यासाठी दोन नळ्यांच्या भारी रायफली असायच्या. दुसरी गोळी लगेच हाताशी, बोल्ट ओढायची भानगड नाही. पण त्यांची किंमत अनेक पटीनं. म्हणून मधल्या माणसाची रायफल म्हणजे बोल्टवाली .३७५. आज्जाही मधलाच माणूस.

.३१५ ची कथा त्या मानानं रुक्ष आहे. फौजेचं .३०३ काडतूस रयतेच्या हाती नको, म्हणून इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. मग जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिकर रायफलीच्या काडतुसावरनं हे आलं. बंदी आजही आहे आणि .३१५ ही आहे. काडतूस खडकीचंच, दुकानात मिळतं.

मोठीची काडतुसं किती आहेत बघितलं तर अकरा. त्यातल्या चौघांच्या पितळेवर हिरवा गंज. जुनं काडतूस कधी कधी लगेच उडत नाही. घोडा ओढल्यावर नुसतं 'टक्' होतं, आणि क्षणभरानं बार होतो. म्हणून तसं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट हलायचं नाही, बोल्ट उघडायचा नाही. तिघा विक्रेत्यांना विचारलं, "थ्री सेव्हन्टी फाइव्हची नवी मिळतील का?" एकजण हसला, दुसऱ्यानं माझी अकरा विकत मागितली, तिसऱ्यानं फोन उचलला नाही.

तरी माझा जीव मोठीवरच होता. तो काढला आज्ज्याच्या वहीनं.

पेटीत तळाला लाल कापडी पाठीची हिशेबाची वही सापडली. अर्धी वही घरखर्चाची, बैलांच्या पेंडीची. मागच्या बाजूनं उलटी करून शिकारीच्या नोंदी. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यपशुपक्षी कायदा आला, तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. नोंदी त्या सुमाराच्या, सगळ्या तीन-चार शब्दांच्या. मी वहीत पेन्सिलीनं रेघा मारत मोजायला बसलो. एकूण चौतीस. त्यातल्या पंचवीस बाराबोरच्या: ससे, कोंबडे, डुकरं. मोठीच्या नऊ. त्या नऊमध्ये गवे दोन. बाकी सात वेळा नुसती नेली आणि आणली. एका ठिकाणी लिहिलंय, "मोठी घेतली नाही. ओझे. हाका लांब." हाका म्हणजे आरडाओरडा करून रानातनं जनावर उठवायचं. दुसरीकडं, "काडतूस महाग, उडवले नाही." १९५८ ला दाजीपूरचं अभयारण्य झालं, त्या वर्षानंतर नोंदी नाहीत. शेवटच्या पानावर परत पेंडीचा हिशेब.

ज्या माणसाची रायफल म्हणून मी ती जपणार होतो, तोच ती घरी ठेवून दुनळी घेऊन जात होता.

मी वही आण्णांना दाखवली. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला हाऊस होती रे. पर कळतबी हुतं."

त्यात आणखी एक व्यवहाराचा मुद्दा, जो कुठल्याही कॅटलॉगात नसतो: निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यारं ठाण्यात जमा. तीन बंदुका पोत्यात गुंडाळून स्प्लेंडरवर मधे धरून न्यायच्या, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायच्या. मागं एकदा पावसाळ्यात परत आणल्या तर मोठीच्या नळीवर बोटभर लालसर गंज. कुणाला काय बोलणार? पावतीवर 'सुस्थितीत' लिहिलेलं. चार दिवस तेल आणि फलाणीनच्या चिंध्या घेऊन बसलो, तरी तो डाग गेला नाही.

निर्णय झाल्यावरचं काम मात्र सरळ होतं, फक्त लांबलचक. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते वारसाच्या नावे करता येतं. आण्णा चौऱ्याहत्तरचे, त्यामुळं अडचण नव्हती. दोन्ही बहिणींचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागलं. थोरली आक्का सहीला आली ती केळ्यांच्या फण्या मागूनच गेली. वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, ऑनलाइन अर्ज, आण्णांच्या परवान्याचा यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, पोलिसांची चारित्र्य पडताळणी. आमचं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे कलेक्टर कचेरीत खेपा. पडताळणीला आलेल्या हवालदारांनी मला एकच प्रश्न विचारला: "बायकोबरोबर भांडण वगैरे?" बायको आतनं म्हणाली, "रोज होतं, पण बंदुकीपर्यंत जात नाही." ते हसले आणि लिहून घेतलं. काय लिहिलं ते माहीत नाही, पण परवाना झाला. एक सांगतो: हत्यारं कुलुपात कुठं ठेवणार हे विचारतातच. लोखंडी कपाट आधी भिंतीत बोल्टनं आवळून घ्या आणि मग अर्ज करा.

आता गावातली पोरं नेमबाजी शिकवा म्हणून मला विचारतात, कारण शेजारच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधनं नेमबाजीत ब्राँझ आणलं, आणि ज्याच्याकडं रायफल तो नेमबाज, असा समज झालाय. त्यांना सांगतो, ती ५० मीटरवाली .२२ ची, तिचं जग वेगळं. शिकायचं असेल तर रेंजवर जा, माझ्याकडं नको.

मोठी नोव्हेंबरच्या शेवटी दिली. विक्रेत्याच्या दुकानात काचेच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली, नंबर वाचला, मी खडूची युक्ती सांगितली. अकराही काडतुसं एकेक करून मोजली, वहीत चढवली. पुढं परवाना असलेल्या एका गिऱ्हाइकाला ती गेली, पैसे मेव्हण्यानं सांगितल्यापेक्षा कमी आणि मला वाटलं त्यापेक्षा जास्त मिळाले. त्यातनं खोडव्याच्या उसाचं ठिबक झालं.

निघताना आण्णा म्हणाले, "जरा थांबा." त्यांनी खुर्चीवर बसून दोन्ही बाजूचे पितळी हूक सोडले आणि चामडी पट्टा काढून घेतला. विक्रेता म्हणाला, "पट्ट्याला परवाना लागत नाही, खुशाल न्या." आता रात्रपाळीची लाईट आली की आण्णा मोटर चालू करायला जातात, तेव्हा मोठी बॅटरी त्या पट्ट्यानं खांद्याला अडकवलेली असते.